पागोट्यातली राणी

सकाळचे आठ वाजायचे होते, तोच रायपूरजवळच्या बीरगांवात कडुनिंबाखालील चौथऱ्याभोवती मुंगीला शिरायला वाट उरली नव्हती. रात्रपाळी संपवून कारखान्यांतून परस्पर आलेले कामगार जेवणाचे डबे बगलेत मारून उभे होते. कडेवर पोरे घेतलेल्या बाया होत्या. भनपुरीकडून आलेल्या एका ट्रकचालकाने गाडी रस्त्यातच उभी केली होती. मागून भोंग्यांचा कल्लोळ उठला होता, तरी त्याचे जोडलेले हात सुटत नव्हते.

चौथऱ्यावर चौरंग, चौरंगावर पिवळे पागोटे बांधलेले मंदरसबाबा आणि त्यांच्या उजव्या हाताला लाल कापडाने झाकलेली लाकडी पेटी. मंदरस म्हणजे या मुलखात मध. दोन महिन्यांपूर्वी हेच बाबा दयाराम या नावाने ई-रिक्षा चालवीत होते आणि चढावर बॅटरी बसली की भर रस्त्यात तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करीत होते. आता त्याच मुखातून अमृतवाणी पाझरत होती.

“माता के दरबार में शक की हवा नहीं चलती!” बाबांनी ध्वनिक्षेपकात गर्जना केली. “जिसके मन में भक्ति, उसको शक्ति! जिसके मन में शक, उसको डंक!”

या कायद्याची थोरवी वाचकांनी ध्यानी घ्यावी. माशी चावली नाही तर तो बाबांचा प्रताप. चावली, तर चावून घेणाऱ्याचेच मन मळलेले. असा दोन्हीकडून जिंकणारा कायदा ज्याच्या हाती आला, त्याला जगात कोण हरवणार?

बाबांनी लाल कापड दूर सारले आणि पेटीचे झाकण उघडले. आतून धुरासारखा माशांचा लोट उठला, हवेत दोन-चार घिरट्या घेऊन बाबांच्या मस्तकाकडे वळला आणि पाहता पाहता पागोट्यावर, कानांवर, गालांवर, हनुवटीखाली माशाच माशा लोंबू लागल्या. जणू तांबूस, वळवळणारी जिवंत दाढी! बाबांचे डोळे मिटलेले. ओठांवर स्मित. एकही डंख नाही.

“जय मंदरस माता!” गर्दी गरजली. कित्येकांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागले.

त्या गर्दीच्या अगदी पुढे, प्लास्टिकच्या खुर्चीवर, गळ्यात झेंडूची माळ घालून एक गृहस्थ बसले होते. त्यांचे नाव गुलाबराव मेश्राम. रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कामावरून निवृत्त होऊन त्यांना तीन वर्षे झाली होती. नाल्याकाठच्या करंजांखाली ते मधमाश्यांच्या पेट्या ठेवीत, आणि कोणाच्या छपराला वा झाडाला सातेरी जातीच्या मधमाश्यांचा थवा येऊन बसला की लोक त्यांनाच बोलावीत. सगळी गर्दी वर पाहत होती. गुलाबराव तेवढे खाली पाहत होते. कारण बाबांच्या पागोट्याच्या तिसऱ्या पदरात, डाव्या कानाच्या वर, अंगठ्याएवढा बांबूचा पिंजरा आहे आणि त्या पिंजऱ्यात राणीमाशी आहे, हे त्या पटांगणात दोनच माणसांना ठाऊक होते. एक बाबांना. दुसरे त्यांना. पिंजरा त्यांनीच कोरला होता. राणीही आज पहाटे त्यांनीच आपल्या बोटांनी धरून आत घातली होती.

अपराधी मनाला मान फार जड होते. तरी बायकांच्या रांगेत ओळखीचे खाकरणे ऐकू आले, म्हणून त्यांनी मान वर केली. रांगेत शेजारच्या इंदूबाई उभ्या होत्या.

हे सारे सुरू कसे झाले, ते आधी सांगितले पाहिजे.

फाल्गुनात याच कडुनिंबाच्या फांदीवर एक मोठा थवा उतरला. खाली पोरे दगड भिरकावू लागली, तेव्हा कोणीतरी धावत जाऊन गुलाबरावांना घेऊन आले. त्यांनी शिडी लावली. शिडी धरायला कोणी पुढे येईना. तेव्हा रस्त्याने जाणारा दयाराम रिक्षा थांबवून म्हणाला, “चढो काका, मैं पकड़ता हूँ.”

थवा धरण्याची गुलाबरावांची रीत ठरलेली होती. आधी राणी शोधायची. ती पिंजऱ्यात घातली की काम झाले, कारण तिच्या अंगाचा वास जेथे, तेथे तिची सारी प्रजा. त्यांनी राणी धरली, पिंजऱ्यात बंद केली, आणि फांदी झटकायला दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून पिंजरा दोरीने खाली सोडत म्हटले, “जरा हे धर रे.” दयारामचे दोन्ही हात शिडीला. त्याने एका हाताने पिंजरा घेतला आणि डोक्याला गुंडाळलेल्या गमछ्यात खोचून टाकला.

झाले! फांदीवरचा थवा उठला आणि दयारामच्या डोक्यावर बसला.

गुलाबराव शिडीच्या सर्वांत वरच्या पायरीवर. खाली चाळीस-पन्नास माणसे, त्यांत निम्मी लेकरे. दयारामचा हात डोक्याकडे जाऊ लागला. गुलाबरावांनी ओळखले की याने एक थप्पड मारली, एक माशी चिरडली, तर तिच्या विषाच्या वासाने सगळा थवा पेटून उठेल आणि पहिली पोरे सापडतील. थव्यातल्या माशा मुळात चावऱ्या नसतात. घर सोडताना पोटभर मध पिऊन निघालेल्या असतात आणि राखायला घर नसते. परंतु एवढे व्याख्यान देण्याची ती वेळ नव्हती. भ्यालेल्या माणसाला एका दमात पटेल असे काहीतरी हवे होते. गुलाबराव वरून ओरडले,

“हिलना मत, दयाराम! माता बैठी है तेरे ऊपर. माता अपने बच्चे को नहीं काटती!”

दयाराम दगडासारखा उभा राहिला. गुलाबराव खाली उतरले, त्यांनी गमछ्यातून पिंजरा काढून पेटीत ठेवला आणि सारा थवा गुमान पेटीत शिरला. कोणालाही डंख झाला नाही. परंतु तोवर एका म्हातारीने दयारामच्या पायांवर डोके ठेवले होते.

त्या क्षणी एक वाक्य बोलायचे होते. ‘आजी, ही माता नाही, ही राणीमाशी, पोट्टा घाबरू नये म्हणून मी तसं बोललो.’ एवढेच. परंतु सगळे खुशीत होते, कोणीतरी चहा आणला होता, आणि गुलाबराव हसून चहा प्याले.

आठवड्याने दयाराम नारळ घेऊन दारात आला. “काका, लोग पैर पड़ रहे हैं. मैं क्या करूँ? एक बार फिर दिखाने को बोल रहे हैं.” गुलाबरावांनी त्याला तीन पेट्या दिल्या. साखरेचा पाक पाजून माशांची पोटे कशी भरलेली ठेवायची, ते शिकवले. राणी पकडणे मात्र त्याच्या जाड बोटांना कधी जमले नाही. म्हणून दर गुरुवारी पहाटे ते काम गुलाबरावच करीत. कार्यक्रम संपला की राणी पुन्हा पेटीत सोडीत. त्याच्या मोबदल्यात एक पैसाही त्यांनी कधी घेतला नाही. घेतली ती माळ. छत्तीस वर्षे ज्या माणसाने वॅगनांच्या पोटाखाली उताणे पडून काळे तेल तोंडावर झेलले, त्याला कोणीतरी ‘गुरुजी’ म्हणून पुढच्या खुर्चीवर बसवीत होते. पत्नी कलावतीबाईंनी एकदा चांगलेच फटकारले होते.

“तुमच्या बापानं अंगाऱ्याची पुडी उंबऱ्याच्या आत येऊ देल्ली नाही. अन तुम्ही तं घरी बसून बाबाच पैदा केला! शोभते का?”

“अवं, लोकाइले दोन घडी बरं वाटते. कोणाचं काय जाते?” गुलाबराव म्हणाले होते.

कोणाचे काय जाते, ते आता रांगेत उभे होते.

इंदूबाई देशकर त्यांच्या शेजारी राहत. यजमान रेल्वेतच होते. ते वारल्यापासून त्या एकट्याच होत्या. घर हिंदू, गुलाबरावांचे बौद्ध, परंतु बावीस वर्षे त्या गुलाबरावांना राखी बांधीत आल्या होत्या. त्यांना मधुमेह होता आणि दोन्ही वेळा इन्सुलिनची सुई घ्यावी लागे. आता त्या बाबांपुढे पोहोचल्या, ओंजळ पुढे केली आणि बाबांनी त्यांच्या ओंजळीत चमचाभर नव्हे, चांगली पळीभर ‘प्रसाद’ ओतला.

परत जाताना गुलाबरावांनी त्यांना रस्त्यात गाठले.

“इंदू, तू काहून आली इथं?”

“काहून म्हंजे? पाच गुरुवार झाले, दादा. सुई सोडली मी.” इंदूबाईंचा चेहरा उजळला होता. “बाबा म्हणे, सुई अन माता एका देहात नांदत नाही.”

“अवं, तुले साखरेची बिमारी. हे गोड तुले चालते का?”

“माताचा प्रसाद आहे तो. बाजारातलं गोड अलग.” मग त्या थोड्या लाजून म्हणाल्या, “खरं सांगू? मले पटत नव्हतं पयले. मीही काही येडी नाही. पण मंग तुले पायलं समोर बसलेलं. मनात म्हटलं, हा माणूस देवाले हात जोडत नाही, नवस करत नाही, भूत-बाधा म्हटलं का हासते. तो जर इथं माळ घालून बसते, तर काहीतरी खरं असलंच.”

गुलाबराव रस्त्यातच थांबले. आपल्याला जे सन्मानाचे आसन वाटत होते, ते वास्तविक त्या भोंदूगिरीला लावलेले प्रमाणपत्र होते. श्रद्धाळू हजार जमले तरी चमत्कार तेवढा पक्का होत नाही, जेवढा एका गप्प बसलेल्या नास्तिकाने होतो.

तेव्हा तरी बोलायचे होते. त्यांनी तोंड उघडले. “इंदू, सुई सोडू नको, बाप्पा.” एवढेच बाहेर पडले.

“हव,” म्हणून इंदूबाई हसल्या आणि फाटकात शिरल्या. हव म्हणजे होकार. परंतु त्या हसण्यात होकार नव्हता.

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात कलावतीबाईंना शेजारचे दार उघडे दिसले. इंदूबाई मोरीजवळ पडल्या होत्या. श्वास जोरजोरात चाललेला, तोंडाला कोरड, हाक मारली तर ओ नाही. डाव्या पायाला चप्पल लागल्याची जखम होती. ती काळी पडून तिला वास सुटला होता. रायपूरच्या रुग्णालयात रक्तातील साखर सहाशेच्या घरात निघाली. जीव वाचला. डाव्या पायाची दोन बोटे वाचली नाहीत.

त्या रुग्णालयात गुलाबरावांची मुलगी दीक्षा परिचारिका होती. पाळी संपवून ती बाहेरच्या बाकावर बापाशेजारी येऊन बसली. घरात आईबाप मराठीतून बोलत आणि ती आजच्या मुलांप्रमाणे हिंदीतून उत्तरे देई.

“पप्पा, एक बात समझ में नहीं आ रही,” ती शांतपणे म्हणाली. “हर गुरुवार को दो-दो सौ लोग. सबको एक-एक करछुल प्रसाद. अभी जेठ चल रहा है. फूल कहाँ हैं? दयाराम के पास कितनी पेटियाँ हैं?”

“तीन.”

“तीन पेटियों से इतना शहद निकलता है?”

गुलाबरावांनी मान हलवली. “नाही निघत. सातेरीची एक पेटी वर्षाले चार-पाच किलो देईन तर देईन.”

“तो इंदू आत्या ने दो महीने खाया क्या?”

“पाक. साखरेचा,” ते म्हणाले. “माशाइसाठी जो पाक बनवते, त्यातच थोडं मध मिसळते तो.”

“और मक्खियाँ उसके सिर पर क्यों बैठती हैं?”

दीक्षाने त्यांच्या उजव्या हाताकडे पाहिले. राणीचे पिंजरे कोरताना रुतलेली बांबूची कुसळे अजून बोटांत होती. दर गुरुवारी पहाटे पप्पा कोठे जातात, हे तिला अचानक उमगले.

“तुमको मालूम था,” ती म्हणाली. तो प्रश्न नव्हता. ती ओरडली असती तर गुलाबरावांना हलके वाटले असते. ती उठली, ओढणी नीट केली आणि आत निघून गेली.

पंधरा दिवसांनी इंदूबाई घरी आल्या आणि आल्या त्याच दिवशी त्यांनी इन्सुलिनची पेटी कपाटावर टाकून दिली.

“सुया चालू होत्या तवाच बोटं कापली न डॉक्टरनं?” त्यांचा हिशेब तयार होता. “माताकडे जात होती तवा धा बोटं होते माह्या पायाले. अन मी पडली काहून, माहीत आहे? दोन गुरुवार चुकले होते.”

गुलाबराव खाटेजवळ खाली जमिनीवर बसले. सगळे सांगितले. राणी, पिंजरा, पागोटे, पाक. इंदूबाईंनी शांतपणे ऐकून घेतले.

“दीक्षानं शिकवून पाठवलं न तुले?” त्या म्हणाल्या.

“नाही वं.”

“दादा, डोळ्यानं पायलं मी. सगळ्या गावानं पायलं. उद्या तू म्हणशीन, सूर्य बी तूच लावते.” मग त्यांनी पाय उशीवर ठेवला आणि भिंतीकडे तोंड केले. “गुरुवारी मले नेशीन तिथं, तर बोल. नाहीतर नको बोलू.”

खोटे जेव्हा सर्वांसमोर झालेले असते, तेव्हा खरे कानात सांगून भागत नाही. हे गुलाबरावांना त्या भिंतीकडे वळलेल्या पाठीने शिकवले.

“नेतो,” ते म्हणाले. “पण एक अट आहे. डोळे उघडे ठेवशीन.”

बुधवारी उन्हे कलली तेव्हा त्यांनी बांबूचा नवा पिंजरा कोरला. जुन्या पिंजऱ्याला राणीचा वास लागलेला असतो, राणी नसली तरी माशा त्याच्याकडे धावतात. नव्याला बांबूखेरीज कसलाच वास नव्हता. गुरुवारी पहाटे ते नेहमीप्रमाणे दयारामकडे गेले. त्यांनी राणी धरली, जुन्या पिंजऱ्यात घातली आणि तो पिंजरा आपल्या खिशात ठेवला. दयारामच्या हाती त्यांनी नवा पिंजरा दिला. त्यात राणी नव्हती, दोन साध्या कामकरी माशा होत्या. दयाराम आरशापुढे पागोटे बांधण्यात गुंतला होता. त्याने पाहिलेही नाही.

चौथऱ्यापाशी पोहोचल्यावर गुलाबरावांनी कडुनिंबाच्या बुंध्याला टेकवलेला अंगण झाडायचा खराटा पाहिला. खिशातला पिंजरा त्यांनी त्याच्या काड्यांत खोचला आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसले. इंदूबाईंना दीक्षाने ई-रिक्षातून आणून सावलीत बसवले होते. त्यांचा पट्टी बांधलेला पाय बाकावर लांबवलेला होता.

“जिसके मन में भक्ति, उसको शक्ति!” बाबांनी झाकण उघडले.

लोट उठला. घिरट्या घातल्या. बाबांनी डोळे मिटून हनुवटी पुढे केली. काही माशा पागोट्याजवळ घुटमळल्या आणि निघून गेल्या. बाबा स्मित करीतच होते. मग त्यांनी एक डोळा किलकिला केला. मग दुसरा.

सारा थवा खराट्यावर बसला होता.

मग मागून एका पोराची किनरी हाक आली, “ए माँ! माता झाड़ू पे बैठ गई!” काही जण हसले. गुलाबरावांना वाटले, झाले, काम फत्ते झाले. परंतु पहिल्या रांगेतील एक बाई दोन्ही हात जोडून गहिवरून म्हणाली, “झाड़ू तो लक्ष्मी होती है! देखो, लक्ष्मी के घर माता आई!” आणि पाहता पाहता आठ-दहा माणसे त्या खराट्यापुढे वाकली!

चौरंगावरच्या बाबांनी वारा ओळखला. “माता रूठ गई है! किसी के मन में शक आया है!” ते गरजले आणि त्यांची नजर थेट गुलाबरावांवर येऊन थांबली. “काका, तुम्हारे मन में!”

नुसती युक्ती उघडी पाडून अंधश्रद्धा मरत नाही. ती एका डोक्यावरून उठते आणि खराट्यावर जाऊन बसते. तिचे मूळच खणावे लागते आणि ते मूळ आपल्याच अंगणात असेल तर आपलेच हात रक्ताळतात.

गुलाबराव उठले. त्यांनी गळ्यातली माळ काढली आणि खुर्चीवर ठेवली.

“हो,” ते ध्वनिक्षेपकाविना, सर्वांना समजेल अशा सावकाश मराठीत बोलू लागले, तरी आवाज दूरवर गेला. “शक माझ्याच मनात आहे. तीन महिन्यांपासून आहे. पागोट्यात राणीमाशी असते. ती मीच पकडून देतो. आज दिली नाही, खराट्यात ठेवली. जिथं राणी, तिथं माशा. एवढीच माता आहे. अन पहिलं खोटं दयारामचं नाही. माझं आहे. त्या दिवशी शिडीवरून मी ओरडलो, माता बैठी है. हा घाबरू नये, पोरांना चावू नये, म्हणून ओरडलो. माता-बिता काही नव्हतं. अन खाली उतरल्यावर मी कोणाला खरं सांगितलं नाही.”

“झूठ!” दयाराम ताडकन उभा राहिला. त्याचा बाबांचा स्वर गळून पडला होता आणि रिक्षावाल्याचा स्वर परत आला होता. “काका, अब पलट रहे हो? मुझे क्या पता था? तुमने ही तो कहा था माता बैठी है! मैंने तो सच समझा था! रात भर सोया नहीं था मैं! बाद में तुम्हीं ने पिंजरा दिखाया, तुम्हीं ने सिखाया, और आज सारा दोष मेरा?”

तो बोलला आणि मग, आपण काय बोलून बसलो, हे त्याच्या ध्यानात आले. पिंजऱ्याची कबुली बाबांच्या मुखातून, ध्वनिक्षेपकातून, साऱ्या बीरगांवने ऐकली होती.

खराट्यापुढे वाकलेली माणसे हळूहळू उठली. ट्रकचालक शिव्या देत पुढे सरकला, त्याच्यामागे आणखी चार जण. गुलाबराव चौरंगापुढे आडवे उभे राहिले.

“मारायचं असेल तर पयले मले मारा,” ते म्हणाले. “तो दुसरा आहे. पहिला मी.”

कोणी हात उचलला नाही. गुलाबरावांनी खराट्यातून पिंजरा काढला, तळहातावर ठेवून उंच धरला. माशा खराटा सोडून त्यांच्या हातावर उतरू लागल्या. “ज्याला पाहायचं त्यानं पुढं यावं. भक्ती नको, शक्ती नको. माशीला चिरडू नका, फुंकर मारू नका, म्हणजे झालं.” दीक्षाने हात पुढे केला. मग एका कामगाराने. पिंजरा या हातावरून त्या हातावर गेला आणि त्याच्यामागून माशा गेल्या.

“इकडे आण,” सावलीतून आवाज आला.

गुलाबरावांनी पिंजरा इंदूबाईंच्या तळव्यावर ठेवला. माशा आल्या. मनगटापर्यंत हात भरून गेला. इंदूबाई बराच वेळ डोळे न मिटता पाहत राहिल्या. ज्या अंगाला माता शिवेल म्हणून त्यांनी सुया टाकल्या होत्या, त्याच अंगावर ती प्रत्यक्ष चालत होती. इवले पाय, लुकलुकते पंख, किंचित ऊब. आणखी काही नाही.

“ह्या तं नुसत्या माशा आहेत रे, दादा,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“तुले माहीत होतं. मी रस्त्यात भेटली तवा बी.”

“माहीत होतं.”

इंदूबाईंनी पट्टी बांधलेल्या पायाकडे पाहिले आणि पिंजरा परत दिला. त्या संध्याकाळी त्यांनी दीक्षाला हाक मारून कपाटावरची पेटी काढायला लावली आणि पोटावरचा पदर बाजूला करून सुई घेतली. गुलाबराव दारात उभे होते. त्यांना कोणी आत बोलावले नाही.

पेट्या गुलाबरावांनी परत नेल्या. दयाराम पुन्हा रिक्षा चालवू लागला. समोरून गुलाबराव दिसले तर तो दुसऱ्या गल्लीने जाई, आणि गुलाबरावही त्याला दोष देत नसत. श्रावणात राखी आली. इंदूबाई काठी टेकत शेजारी आल्या, न बोलता राखी बांधली आणि निघताना उंबऱ्याशी थांबून म्हणाल्या,

“दादा, माह्या नवऱ्यानं मले कधी फसवलं नाही, अन मी त्याच्यावर कधी भरोसा केला नाही. तुह्यावर केला. यापुढं मी विचारीन. बुरा मानू नको.”

“विचार,” गुलाबराव म्हणाले. “दरवेळी विचार.”

वाचकहो, ही कथा येथे संपवताना एक साधी विनंती आहे. कोणी आपल्यासमोर अद्भुत काही करून दाखवले तर त्याचे पागोटे उलगडून पहा. परंतु तेवढ्यावर थांबू नका. ज्याला आतले ठाऊक आहे आणि जो पुढच्या खुर्चीवर गप्प बसला आहे, त्यालाही विचारा. आणि ती खुर्ची आपलीच असेल तर उठा. उशीर झाला असेल तरी उठा. औषध वैद्याकडून घ्या, मध फुलांच्या दिवसांत खा, आणि माशीला माशीच म्हणा. तिचा त्यात काही अपमान नाही.

गुलाबराव अद्याप थवे धरायला जातात. परंतु आता त्यांची रीत बदलली आहे. राणी पिंजऱ्यात घातली की ते शिडीवरून आधी खाली उतरतात, पिंजरा सर्वांपुढे धरतात, लहान पोरांना अगदी जवळ बोलावतात आणि म्हणतात, “ही पहा राणी. तिच्या वासाने त्या येतात. यात दुसरं काही नाही.” मग ते क्षणभर थांबून कोणाला काही विचारायचे आहे का, म्हणून वाट पाहतात. त्यानंतरच फांदी झटकतात.